टोकियो: न विचारता सांगणारं शहर

टोकियोत गेलात तर एखाद्या मोठ्या रेल्वे स्थानकात दहा मिनिटं नुसतं फाटकाकडे बघत उभे राहा. सकाळी साडेआठची वेळ असेल तर उत्तमच. माणसं येतात, हातातलं कार्ड फाटकावरच्या उजळलेल्या चौकटीला टेकवतात आणि पावलांचा वेग जराही न मोडता पलीकडे जातात. आपल्या मेट्रोत फाटक मिटलेलं असतं आणि कार्ड टेकवलं की उघडतं. इथे बरीचशी फाटकं आधीपासून उघडीच असतात. कार्डात पैसे नसतील किंवा काही घोळ असेल तरच दोन झडपा झपकन पुढे येऊन वाट अडवतात. म्हणजे विश्वास आधी, संशय नंतर. गर्दीच्या वेळी एका फाटकातून मिनिटाला साठेक माणसं जायला हवीत, हा त्यामागचा हिशेब. कार्ड आणि यंत्र यांच्यातली देवघेव सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात उरकते.

पण खरी गंमत त्या उजळलेल्या चौकटीत आहे. सुइका नावाचं हे कार्ड २००१ साली आलं. त्याआधीच्या चाचण्यांमध्ये एक विचित्र अडचण आली. यंत्र चोख होतं, पण कार्ड नेमकं कुठे आणि कसं धरायचं हेच लोकांना कळेना. कुणी ते हवेत हलवी, कुणी भलतीकडेच टेकवी. सूचना लिहिली तर ती वाचायला माणूस थांबणार, आणि एक थांबला की मागे शंभर खोळंबणार. शुंजी यामानाका या अभियंता-रचनाकाराने वेगवेगळ्या घडणीची यंत्रं करून लोकांना त्यांतून चालवून पाहिलं. शेवटी उत्तर निघालं ते एवढंच: वाचक-चौकट उजळ ठेवा आणि चालणाऱ्याकडे १३.५ अंशांनी कलती करा. बस्स! तेवढ्या कलामुळे हात आपोआप योग्य जागी, योग्य क्षणभर टेकू लागला. रोज लाखो माणसं त्या साडेतेरा अंशांचं म्हणणं ऐकतात आणि आपल्याला कुणी काही सांगितलं हे त्यांच्या गावीही नसतं.

मला टोकियोचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते हेच. तिथल्या उंच इमारती आणि निऑनच्या पाट्या आता जगभर झाल्यात. पण लिपी येत नाही, भाषा येत नाही, अशा माणसालाही हे शहर रंगातून, सुरातून, आकारातून, अगदी पायाखालच्या फरशीतूनही सांगत राहतं.

विमानतळापासूनच बघा. टोकियोला विमानतळ दोन. हानेदा शहराला खेटून, समुद्राकाठी. नारिता जवळपास साठ किलोमीटर लांब. तिकीट काढतानाच हा फरक लक्षात घ्यावा, नंतर हळहळण्यात अर्थ नाही. नारिताची कहाणी तशी दुखरी आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन हा विमानतळ उभा राहिला, त्याविरुद्ध वर्षानुवर्षं रक्तरंजित लढे झाले आणि तो सुरू व्हायला १९७८ साल उजाडलं. आजही रात्री बारानंतर सहसा तिथे विमानं उतरत नाहीत, कारण आजूबाजूला माणसं झोपलेली असतात. नारिताहून टॅक्सी केलीत तर वीस हजार येनांच्या पुढेच जाल. नारिता एक्स्प्रेस तासाभरात टोकियो स्थानकात सोडते, आणि स्कायलायनर तर ताशी १६० किलोमीटरच्या वेगाने पळून चाळीसेक मिनिटांत शहरातल्या निप्पोरी स्थानकात पोचवते. हानेदाहून शहरात येणारी मोनोरेल १९६४च्या ऑलिंपिकच्या तोंडावर, सप्टेंबरात सुरू झाली. शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, त्यानंतर दोन आठवड्यांनी. खिडकीशी बसून खाडीवरून घसरत जाणारी ती मोनोरेल एकदा तरी करावीच. घाई असली तरीही.

जड बॅगा घेऊन गाडीत चढू नका. विमानतळावरच ताक्क्यूबिनचा गल्ला असतो. पिल्लाला तोंडात धरलेल्या काळ्या मांजरीचं चित्र दिसलं की तिकडे जायचं. बॅग त्यांच्या हवाली केली की ती बहुतेक दुसऱ्या दिवशी हॉटेलात हजर. ही घरपोच सेवा १९७६ साली सुरू झाली आणि जपानी लोकांचा प्रवासच तिने हलका करून टाकला. फक्त एक रात्र काढण्यापुरते कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

गाड्यांचा नकाशा पहिल्यांदा बघितला की छातीत धस्स होतं. एकट्या शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक दरवाजे आहेत, आणि जगातलं सर्वांत गजबजलेलं स्थानक म्हणून त्याची नोंद आहे. पण त्या नकाशातली नावं वाचूच नका. प्रत्येक मार्गाला एक रंग, एक अक्षर. प्रत्येक स्थानकाला एक आकडा. गिंझा मार्ग नारिंगी, त्याचं अक्षर जी. तुम्ही गिंझाला, म्हणजे जी-०९ ला उभे आहात आणि आसाकुसाच्या देवळाकडे, जी-१९ ला जायचंय, तर आकडे चढत जाणारी गाडी पकडा आणि दहावं स्थानक आलं की उतरा. लिहिता-वाचता न येणारं पोरही हे करू शकेल.

यामानोते हा मार्ग हिरवा. शहराभोवती ३४.५ किलोमीटरचं कडं, त्यावर तीस स्थानकं, आणि पूर्ण प्रदक्षिणेला सुमारे एक तास. इथे कान टवकारून बसावं. गाडी सुटायच्या आधी फलाटावर काही सेकंदांची धून वाजते. पूर्वी कर्कश घंटा होती. ती ऐकली की माणसं जिवाच्या आकांताने धावत सुटत. १९८९ पासून तिच्या जागी सौम्य सुरावटी येऊ लागल्या आणि बऱ्याच स्थानकांना आपापली धून मिळाली. ताकादानोबाबाला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या कार्टूनचं गाणं, कारण कथेतला तो यंत्रबालक तिथेच जन्मला. एबिसुला ‘द थर्ड मॅन’ या चित्रपटाची धून, कारण एबिसु हे नावच मुळी बिअरवरून पडलेलं आणि त्या बिअरच्या जाहिरातीत ती धून असे. डुलक्या काढणारा नोकरदार आपली धून ऐकून डोळे उघडतो आणि उतरून जातो, हे दृश्य मोठं मजेशीर असतं.

फलाटावर कधी पक्ष्यांची किलबिल ऐकू येते. वर बघू नका, पक्षी नसतात. जिन्याजवळच्या भोंग्यातून ती येते, आणि ‘बाहेर जायचा जिना इथे आहे’ हे अंध प्रवाशाला सांगते. फाटकापाशी दोन सुरांची टिंगटाँग वाजते, तीही त्यांच्यासाठीच. आणि फरशीवरचे ते पिवळे पट्टे? उभ्या रेघा असतील तर चालत राहा, टिकल्या असतील तर थांबा. सेइइची मियाके यांनी १९६५ साली ही फरशी शोधली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. पुणे-मुंबईच्या मेट्रो स्थानकांत पायाखाली जे पिवळे उंचवटे लागतात, ते याच फरशीचे वंशज. आपल्याकडे मात्र रस्त्यावर हे पट्टे कधीकधी थेट विजेच्या खांबाला जाऊन भिडतात!

सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं. ओसाकात गेलात की उजवीकडे.

मात्र शहरात बाहेर पडलात की हा सगळा शहाणपणा एका ठिकाणी गळपटतो, तो म्हणजे पत्ता. बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. नाव असतं ते वस्तीला. तिच्या आत विभागाचा आकडा, मग गटाचा, मग घराचा. टॅक्सीवाल्यालाही नकाशा बघावा लागतो. टॅक्सीचं दार तुम्ही उघडायचं नाही, चालक आतून कळ दाबून उघडतो आणि लावतो. वाट चुकलात तर चौकातली कोबान, म्हणजे पोलिसांची छोटी चौकी गाठा. तिथला पोलीस दिवसभर बव्हंशी वाट दाखवण्याचंच काम करत असतो.

आता पोटाकडे वळू. खाणावळ उघडी आहे का हे दारावरचा कापडी पडदा सांगतो: नोरेन बाहेर टांगलेला असेल तर या, आत घेतला असेल तर उद्या या. लाल कागदी कंदील दिसला तर तिथे दारू आणि चटपटीत खाणं. रस्त्यावरच्या पेयांच्या यंत्रात बाटलीखाली लाल पट्टी असेल तर पेय गरम, निळी असेल तर गार. हिवाळ्यात कॉफीचा गरम डबा दोन्ही तळहातांत धरून फिरणारे लोक दिसतात ते याच लाल पट्टीमुळे.

आणि खाणावळीच्या काचेमागे मांडलेली ती ताटं! वाफाळल्यासारखी दिसणारी नूडल्स, मधोमध कापलेलं अंडं, पिवळ्याधमक बलकावरची ओली चकाकी. काचेला नाक लावून बघितलं तरी खोटेपणा सापडत नाही. ते सगळं प्लॅस्टिक असतं. १९२०च्या दशकात टोकियोतल्या मोठ्या दुकानांनी मेणाची ताटं मांडायला सुरुवात केली. तेव्हा पाश्चात्त्य पदार्थ नवे होते. ऑम्लेट म्हणजे काय, हे नावावरून गिऱ्हाइकाला कळत नसे. ताकिझो इवासाकी हा गुजो गावचा माणूस. त्याने मेणाचं ऑम्लेट इतकं हुबेहूब बनवलं की १९३२ साली ओसाकात त्याचा धंदाच उभा राहिला. पुढे मेण गेलं आणि प्लॅस्टिक आलं, कारण मेण उन्हात वितळायचं. पण काम अजून हाताचंच: खऱ्या पदार्थाचा साचा घ्यायचा, त्यात ओतायचं आणि मग बारीक कुंचल्याने भाजल्याचे डाग, चरबीच्या रेषा, कोलंबीची लाली रंगवायची. आसाकुसाजवळच्या काप्पाबाशी या भांडीबाजारात हे नमुने विकत मिळतात. नकली ताटाची किंमत असलीपेक्षा कितीतरी जास्त असते. परदेशी माणसासाठी मात्र ही ताटं अनमोल. वेटरला हाताने खुणावून काचेपाशी न्यायचं आणि बोट दाखवायचं.

रामेन नूडल्सच्या दुकानात दारातच तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे, मग बटण. काहीच कळलं नाही तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा. बहुधा दुकानाचा हातखंडा पदार्थ तिथेच असतो. सरकत्या पट्ट्यावरची सुशी ओसाकाच्या योशिआकी शिराइशी यांनी १९५८ साली सुरू केली, बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या बघून. पट्टा सेकंदाला आठेक सेंटिमीटर सरकतो. जास्त पळवला तर मासा कोरडा पडतो, कमी केला तर खवय्याचा धीर सुटतो. अनेक ठिकाणी बशीचा रंग म्हणजे किंमत. शेवटी रिकाम्या बश्यांची चळत मोजली की बिल तयार. बक्षिसी द्यायची नाही. टेबलावर सुट्टे पैसे ठेवून निघालात तर वेटर ते परत द्यायला रस्त्यापर्यंत धावत येतो.

मात्र एक गोष्ट काचेमागचं कुठलंही ताट सांगत नाही, आणि आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांना ती आधीच माहीत असलेली बरी. भाज्यांचं सूप, वांग्याची भाजी, साधे नूडल्स, टोफू. दिसायला सगळं शाकाहारी. पण बहुतेक पदार्थांच्या मुळाशी असतं दाशी, म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं पाणी. मासा दिसत नाही, पण असतो. ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘मासा आणि दाशीही नको’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवावं लागतं. बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतलं शोजिन र्‍योरी हे जेवण शाकाहारी असतं, पण महाग पडतं. अगदीच भूक अनावर झाली तर एदोगावा भागातलं निशी-कासाई गाठा. भारतीयांची मोठी वस्ती तिथे आहे. एदोगावाच्या नगरसभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेही मराठीच. आणि करीच खायची असेल तर शिंजुकूचं नाकामुराया आहे. ब्रिटिशांना चुकवून जपानात आलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस त्याच्या मालकांचे जावई झाले, आणि त्यांची करी तिथे १९२७ पासून मिळते.

संध्याकाळी कितीही रमलात तरी घड्याळावर नजर असू द्या. शेवटची गाडी साधारण साडेबारा ते एकच्या दरम्यान सुटते आणि पहिली पहाटे पाचच्या आसपास. मधले चार तास टोकियोत एकही लोकल धावत नाही.