उपद्रवी प्राणी की अन्नस्रोत? : अमेरिकेतील रानटी डुकरांच्या शिकारीचा विचार

बीजसंज्ञा : आगंतुक प्रजाती, रानटी डुक्कर, शिकार, सापळा, मांस-तपासणी

प्रस्तावना :

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शेतीपुढे जे प्रश्न आज उभे आहेत, त्यांत रानटी डुकरांचा उपद्रव हा एक गंभीर प्रश्न मानला जातो. तेथील कृषी खात्याच्या अंदाजानुसार या प्राण्यांची संख्या 60 लाखांहून अधिक असून ते तीसहून अधिक राज्यांत पसरलेले आहेत. त्यांच्यामुळे शेतीचे होणारे नुकसान वर्षाला सुमारे 2.5 अब्ज डॉलर एवढे सांगितले जाते. एकट्या टेक्सास राज्यात 20 लाखांहून अधिक डुकरे असावीत, असे मानतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठी वाचकाच्या मनात 'रानडुक्कर' म्हटले की सह्याद्रीच्या वा विदर्भाच्या जंगलातील, उसात आणि भुईमुगात शिरणारा प्राणी उभा राहतो. जीवशास्त्रीय दृष्ट्या दोन्हींची प्रजाती एकच आहे. परंतु आपल्याकडील रानडुक्कर येथील मूळ रहिवासी असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित आहे. अमेरिकेत ही प्रजाती मुळात नव्हतीच. तेथील मूळचा 'पेकारी' नावाचा प्राणी डुकरासारखा दिसतो खरा, पण तो वेगळ्या कुळातील आहे. म्हणून प्रस्तुत लेखात 'रानटी डुक्कर' ही संज्ञा पाळीव अवस्थेतून सुटून रानटी झालेल्या आणि त्यांच्याशी संकर पावलेल्या डुकरांसाठी वापरली आहे.

आगमन आणि प्रसार :

स्पॅनिश दर्यावर्दी एर्नांदो दे सोतो 1539 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्यासोबत डुकरांचा कळप होता. पायी चालणारे, वाटेत मिळेल ते खाऊन वाढणारे आणि संख्येने भराभर वाढणारे असे हे अन्न सैन्यासाठी सोयीचे होते. त्यांतील काही डुकरे निसटली. पुढे वसाहतींच्या काळात दक्षिणेकडील शेतकरी डुकरे रानात मोकळी सोडीत. कान कापून केलेली खूण हीच त्यांची मालकी असे. कुंपण घातले जाई ते पिकाला, जनावराला नव्हे. ओकची फळे खाऊन डुकरे पुष्ट झाली की हिवाळ्याच्या तोंडावर त्यांना पकडून कापले जाई. मोकाट चराईची ही पद्धत बंद झाली तेव्हा बरीच डुकरे रानातच राहिली.

यात विसाव्या शतकात शिकारीच्या हौसेची भर पडली. 1912 मध्ये उत्तर कॅरोलिनातील हूपर बाल्ड या डोंगरावर एका खाजगी शिकारक्षेत्रासाठी युरोपीय रानडुकरे आणण्यात आली. कालांतराने ती कुंपणाबाहेर पडली व स्थानिक डुकरांत मिसळली. म्हणजेच या प्राण्याच्या अमेरिकेतील इतिहासात अन्न आणि शिकार ही दोन कारणे आरंभापासूनच आढळतात. उपद्रव हे त्यांचे फळ होय.

नियंत्रण अवघड का? :

मादी सहा ते आठ महिन्यांत प्रजननक्षम होते. गर्भधारणेचा काळ सुमारे 115 दिवसांचा असतो आणि एका वेतात साधारणतः चार ते सहा पिले होतात. अनुकूल परिस्थितीत वर्षात दोन वेतेही होऊ शकतात. संख्या केवळ स्थिर ठेवायची म्हटली, तरी दरवर्षी सुमारे 70 टक्के डुकरे काढावी लागतील, असे टेक्सासमधील तज्ज्ञ सांगतात. पेरलेल्या मक्याच्या ओळीतील दाणे नाकाने उकरून फस्त करणे, भुईमूग उपटणे, ओढ्याकाठची जमीन नांगरल्यासारखी करून टाकणे हे या प्राण्याचे नित्याचे उद्योग आहेत. 2006 मध्ये कॅलिफोर्नियातील पालकाच्या भाजीमुळे जंतुसंसर्गाची साथ पसरली. तिच्या तपासात शेतांलगतच्या रानटी डुकरांतही तेच जंतू आढळले होते.

शिकारीने प्रश्न सुटतो का? :

टेक्सासने याचे उत्तर शिकारीतच शोधले. 2011 च्या कायद्याने खाजगी व्यक्तींना पैसे मोजून हेलिकॉप्टरमधून डुकरे मारण्याची मुभा मिळाली. 2017 मध्ये उष्ण हवेच्या फुग्यातूनही शिकार करण्यास परवानगी देण्यात आली. 2019 पासून तर जमीनमालकाच्या संमतीने खाजगी जमिनीवर परवान्याविना शिकार करता येते. 2017 मध्येच वॉरफरिनयुक्त विषारी आमिषाला राज्याच्या कृषी आयुक्तांनी मान्यता दिली होती. तिला सर्वाधिक विरोध शिकारी व मांसप्रक्रिया करणाऱ्यांकडून झाला आणि त्या वर्षी उत्पादक कंपनीने माघार घेतली. ज्याला कीड म्हणायचे त्याच्या मांसात विष नको, हा आक्षेपच त्या प्राण्याचे दुहेरी स्थान उघड करतो.

टेनेसी राज्याचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे 1999 मध्ये राज्यभर वर्षभराची, संख्येची मर्यादा नसलेली शिकार खुली करण्यात आली. डुकरे कमी होण्याऐवजी पूर्वी जेथे नव्हती तेथे दिसू लागली आणि 95 पैकी जवळपास 80 परगण्यांत पोहोचली. शिकारीसाठी लोकच त्यांना बेकायदा नव्या भागांत नेऊन सोडीत होते. अखेर 2011 मध्ये राज्याने हौशी शिकार बंद केली. मिसुरीनेही 2016 मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर तसेच केले. त्यामागे आणखी एक कारण होते. बंदुकीच्या आवाजाने कळप फुटतो, उरलेली डुकरे विखुरतात आणि सावध होतात. याउलट मोठ्या कुंपणवजा सापळ्यात संपूर्ण कळप आत शिरेपर्यंत कॅमेऱ्यावर वाट पाहायची व मगच दार पाडायचे, ही पद्धत कंटाळवाणी असली तरी परिणामकारक आहे. तिच्यात थरार नाही, एवढीच तिची उणीव!

जॉर्जियातील फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर 2007-08 मध्ये डुकराच्या शेपटीमागे बक्षीस ठेवून पाहण्यात आले. शेकडो डुकरे मारली गेली, तरी संख्या घटली नाही. उलट ती वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. शिकाऱ्यांनी आमिष म्हणून टाकलेले धान्य खाऊन डुकरे अधिक पोसली गेली असावीत, असे कारण देण्यात आले.

मांसाचा प्रश्न :

मारलेले डुक्कर वाया का घालवावे, हा प्रश्न रास्त आहे. या मांसात चरबी कमी असते आणि ते चवीने खाल्ले जाते. मात्र ब्रुसेलोसिस, ट्रिकिनेला कृमी, लेप्टोस्पायरोसिस आदींचा धोका असतो. त्यामुळे कापताना हातमोजे घालणे आणि मांस 71 अंश सेल्सियसपर्यंत शिजविणे आवश्यक ठरते. शिकाऱ्याने मारलेले डुक्कर त्याच्या घरी खाता येते, विकता मात्र येत नाही. विक्रीसाठी ते जिवंत पकडून आणावे लागते व कापण्यापूर्वी आणि नंतर निरीक्षकाने तपासावे लागते. परिणामी हेलिकॉप्टरमधून मारलेली बहुतांश डुकरे शेतातच कुजतात. बाजारात जाणारे मांस येते ते सापळ्यांतून.

येथेच हितसंबंधांचा पेच दिसतो. जमीनमालकाला शिकारीच्या हक्कातून उत्पन्न मिळते, पण त्याच जमिनीवर खंडाने मका पेरणाऱ्याच्या वाट्याला उकरलेले शेत येते. दोघांनाही एकच धोरण मानवणे कठीण आहे. टेक्सासच्या नियमानुसार जिवंत पकडलेली डुकरे इतरत्र सोडता येत नाहीत. ती मान्यताप्राप्त केंद्रावर वा कत्तलखान्यातच न्यावी लागतात. या नियमाला एक अपवाद आहे : नर डुकरे परवानाधारक शिकारक्षेत्रात, कुंपणाच्या आत, पुन्हा सोडता येतात.