‘बस’ म्हटलं तरी बसेना?

आमच्या निपाणीच्या घरात वाघ्याच्या कानावर तीन भाषा पडतात. आजोबा म्हणतात ‘बस’, शेजारच्या अज्जी ‘कूड’ आणि बेंगळूरहून आलेला दादा ‘सिट’. यायला सांगताना माझं ‘ये’, अज्जींचं ‘बा’.

गेल्या उन्हाळ्यात शेतात ससा उठला आणि वाघ्या थेट हायवेच्या दिशेनं सुटला. ‘ये, ये, ये’ म्हणून मी घसा फोडला. अंगणात एका हाकेला येणारा हा गडी वळूनही बघेना. ससा उसात शिरला म्हणून तो थांबला. नाहीतर पुणे-बेंगळूर रस्त्यावरचे ट्रक कुणासाठी थांबतात? परत आल्यावर मी त्याला एक फटका दिला. चूक तिथं झाली. हाकेला आलं की मार बसतो, एवढंच तो शिकला.

वाघ्या मुधोळ जातीचा. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही जात. 2005 साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. हे कुत्रं नजरेनं शिकार हेरतं. समोर काही पळालं की आपला आवाज मागं पडतो. त्यात हट्ट नसतो, रक्तातली सवय असते.

म्हणून कुत्रं ऐकेना तर आधी कारण शोधा. एरवी ऐकणारं एकाएकी ऐकेनासं झालं, बसायला कुरकुरू लागलं, तर कान आणि सांधे डॉक्टरांना दाखवा. दुखणं नसेल तर शिकवण अंगणापुरतीच राहिलेली असते. अंगण, मग गल्ली, मग शेत, असं पुन्हा शिकवावं लागतं. मोकळ्या जागी दहा मीटरची हलकी दोरी छातीच्या पट्ट्याला बांधा. शब्द एकदाच उच्चारा. पुन्हा पुन्हा म्हटलं की पाचव्या हाकेची वाट बघायची सवय लागते. आलं की लगेच खाऊ द्या, शाबासकी द्या. उशिरा आलं तरी रागवू नका.

आणि घरात शब्द एकच ठेवा. आमच्याकडं त्यासाठी बैठकच बसली. ‘बस’ आणि ‘बा’ कानाला फार जवळचे, हे दादानं दाखवून दिलं. शेवटी आजोबांनीच निकाल दिला: बसायला अज्जींचं ‘कूड’, यायला आपलं ‘ये’.

आता अज्जी कुंपणावरून ‘ये’ म्हणतात, आजोबा ऐटीत ‘कूड’. वाघ्या दोघांचंही ऐकतो. शेतात मात्र दोरी अजून सोडलेली नाही.