मोफत महिना संपताना

गेल्या आषाढात नातू पुण्याहून चार दिवसांसाठी शेगावला आला आणि जाताना माझ्या फोनवर एका संगीत सेवेचे खाते उघडून गेला. पहिला महिना मोफत, त्यानंतर दरमहा सव्वाशे रुपयांच्या आसपास वर्गणी. खाते उघडताना त्याने माझ्याकडून यूपीआयचा पिन टाकून घेतला. ‘पैसे आत्ता कापले जाणार नाहीत आबा, फक्त परवानगी द्यावी लागते,’ असे तो म्हणाला. परवानगी नेमकी कशाची, हे मी त्या वेळी विचारले नाही. महिनाभर तो प्रश्न माझ्या मनात नव्हताच. तो उपस्थित झाला अठ्ठाविसाव्या दिवशी, जेव्हा दोन दिवसांनी पैसे वळते होणार असल्याचा संदेश आला.

आमच्या गावाला गाण्याचे दुर्भिक्ष्य कधीच नव्हते. गजानन महाराजांच्या मंदिरातील काकड आरती, पंढरपूरला पायी निघणाऱ्या पालखीचे टाळमृदंग, प्रकट दिनाच्या दिवसांत रस्त्यारस्त्याने येणाऱ्या भजनी दिंड्या, हे सारे शेगावात राहणाऱ्याच्या कानावर आपोआप पडते, मग तो कोणत्याही धर्माचा असो. घरात रेडिओ होता. नागपूर आकाशवाणी आणि विविध भारती यांच्या वेळांवर आईची स्वयंपाकाची वेळ ठरत असे. पुढे टेपरेकॉर्डर आला आणि खामगावच्या बाजारातून वडील पूजेच्या, स्तवनांच्या कॅसेट आणू लागले. त्यामुळे ‘दहा कोटींहून अधिक गाणी तुमच्या खिशात’ या जाहिरातीचे मला विशेष अप्रूप वाटले नव्हते. एका आयुष्यात इतकी गाणी ऐकणार तरी कोण?

अप्रूप वाटले ते आईला, आणि तेही वेगळ्याच कारणाने. ती आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. डोळ्यांना दिसत नाही म्हटले तरी चालेल. पहाटे चारला उठून ती सामायिक करते. दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, घड्याळ न पाहता तिला अचूक कळतात. सामायिकात यंत्र वाजवू नये, हे तिला कोणी सांगण्याची आवश्यकता नाही. सामायिक आटोपल्यावरच ती फोन मागते आणि भक्तामर ऐकते. पूर्वी ते विनामूल्य ऐकत असताना मानतुंगाचार्यांच्या दोन श्लोकांमध्ये अवचित मसाल्याची किंवा पैसे लावून खेळायच्या खेळाची जाहिरात येई. आई हात जोडून बसलेली आणि फोनमधून कोणीतरी ओरडून लाख रुपये जिंकायला सांगत असलेले, असे ते दृश्य असे. या महिन्यात तो उपद्रव थांबला. अठ्ठेचाळीस श्लोक अखंड झाले. (श्वेतांबर बांधवांना चव्वेचाळीस श्लोकांचे भक्तामरही तेथे सापडेल. या बाबतीत तरी यंत्राने पंथभेद केलेला नाही.)

एक अडचण मात्र निघाली. खाते एकाचे, म्हणून गाणे एका वेळी एकाच फोनवर. नातवाने तेच खाते पुण्यात स्वतःच्या फोनवरही उघडून ठेवले होते. परीक्षेच्या अभ्यासासाठी तोही पहाटे उठू लागला, आणि एके दिवशी भक्तामर मध्येच बंद पडले. आई बराच वेळ तशीच बसून राहिली. मी गेलो तेव्हा म्हणाली, ‘मले वाटलं, मीच कोठं विसरली.’ मंडळी, सव्वाशे रुपयांच्या प्रश्नात काही गंभीर असू शकते, याची जाणीव मला त्या वाक्याने झाली.

घरात मते पडली. मुलाचे म्हणणे, सहा जणांची कौटुंबिक वर्गणी घ्यावी. परंतु अशा योजनांत बहुधा सर्व सदस्य एकाच पत्त्यावर राहणारे असावेत अशी अट असते, आणि आमचा नातू पुण्यात. पत्ता एकच आहे असे नुसते दाबून टाकायला दोन क्षण लागतात. तरी ते असत्यच, आणि भक्तामर अखंड ऐकण्यासाठी अणुव्रताला बाधा आणणे मला पटेना. सूनबाई काही बोलल्या नाहीत. नातवाने फोनवरून जो युक्तिवाद केला तो मात्र ऐकण्यासारखा होता. ‘आबा, उलट हाच अपरिग्रह नाही का? तुमच्या कपाटात दोनशे कॅसेट आहेत. माझ्याकडे एकही वस्तू नाही. मी काहीच साठवत नाही.’

मुलगा हुशार आहे. पण उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही. मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, हाच परिग्रह, असे ते सांगतात. कपाट रिकामे असूनही मन भरलेले असू शकते. शिवाय जे आपले नाही त्याचीही आसक्ती जडते, ही तर अधिक अवघड गोष्ट. वर्गणी थांबली की उतरवून घेतलेली गाणी फोनमध्ये असूनही वाजत नाहीत. सेवाच बंद झाली तर यादीही जाते. जानेवारी २०२४ अखेर रेसो भारतात बंद झाले, आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक बंद करण्याचे जाहीर केले. वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या ज्यांच्या होत्या, त्यांना त्या दिवशी आपण केवळ भाडेकरू होतो हे कळले असेल.

नातवाला उत्तर द्यायचे म्हणून मी वडिलांची रत्नकरंडक श्रावकाचाराची प्रत काढली. वडील कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात शिकलेले. त्यांच्या शिसपेन्सिलीच्या खुणा त्या प्रतीत ठिकठिकाणी आहेत. भोगोपभोगपरिमाण व्रताचे श्लोक मी पूर्वी वाचले होते, तरी या वेळी एका शब्दापाशी थबकलो. परिमाण कशाकशाचे करावे हे सांगताना समंतभद्राचार्य भोजन, वाहन, शय्या, स्नान, फुले, तांबूल, वस्त्रे, अलंकार यांच्या जोडीला संगीत आणि गीत यांचीही गणना करतात. गाणे ही परिमाण करण्याजोगी वस्तू आहे, हे त्यांनी कॅसेटच्याही कित्येक शतके आधी लिहून ठेवले आहे.

याच प्रकरणात भोग आणि उपभोग यांतला भेद आहे. एकदा भोगून संपते तो भोग, जसे अन्न. पुनःपुन्हा भोगता येते तो उपभोग, जसे वस्त्र. मग गाणे कशात मोडते? आचार्यांच्या काळी गाणारा गाई, ऐकणारा ऐके, आणि ते तेथेच विरून जाई. ध्वनिमुद्रणाने गाण्याला वस्त्रासारखे केले. आता तर ते वस्त्रासारखे विरतही नाही. विद्वानांनी याचा निर्णय करावा. मला इतकेच जाणवले की, ज्याचा अंत आपोआप होत नाही त्याचे परिमाण आपल्यालाच ठरवावे लागते.

आणि काळाचे काय? आचार्यांनी त्यागाचे दोन प्रकार सांगितले आहेत. यावज्जीव त्याग तो यम. मर्यादित काळाचा तो नियम. नियमाच्या मुदतीही दिल्या आहेत: आज, एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन. महिना! संगीत सेवेचीही मुदत महिन्याचीच. दोन्हीकडे महिना, दोन्हीकडे आरंभी एक संमती. फरक आहे तो महिन्याच्या अखेरीस. नियमाचा महिना संपला की नियम संपतो. पुढे चालवायचा असेल तर पुन्हा विचारपूर्वक, उच्चारून प्रत्याख्यान घ्यावे लागते. मोफत महिना संपला की भोग संपत नाही, तो सुरू होतो. थांबवायचा असेल तर आपण उठून काही करावे लागते, आणि काही न करणे हाच होकार धरला जातो. आपल्या या मासिकाची वर्गणी संपली तर अंक येणे थांबते आणि संपादकांचे स्मरणपत्र येते. तेथे आपले मौन म्हणजे नकार. फोनमध्ये आपले मौन म्हणजे होकार. सारी मेख येथे आहे.

हे केवळ धर्मचिंतन नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार दिले आहेत आणि सदस्यत्वाचा सापळा हा त्यांतला एक आहे. वर्गणी बंद करण्याची वाट लपवणे, ती लांबलचक करणे, हे त्यात येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तो लक्षात ठेवावा. आपोआप पैसे वळते करण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून लागू आहेत. पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवणे बंधनकारक आहे. मला आलेला संदेश त्याच नियमाचे फळ. तो आला नसता तर हा लेखही झाला नसता.

ज्येष्ठ वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. माझा असा समज होता की, फोनवरून ते ॲप काढून टाकले की विषय संपला. तसे होत नाही. ॲप काढले तरी पैशांची परवानगी जिवंत राहते. वर्गणी जेथून सुरू केली तेथेच जाऊन रद्द करावी, आणि मग यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे या सदरात जाऊन ती परवानगी गेली की नाही हे डोळ्यांनी पाहावे. मी पाहिले तेव्हा तेथे दुसऱ्याच एका सेवेची परवानगी आढळली. ती मी केव्हा आणि कशासाठी दिली होती, हे अजून आठवलेले नाही.

पैसे देण्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. गाणाऱ्याला मोबदला मिळावा, फुकट ऐकू नये, हे अचौर्याला धरूनच आहे. परंतु आपले सव्वाशे रुपये आपण ऐकलेल्या गायकालाच पोचतात असे समजू नये. बहुतेक सेवांत सर्वांचे पैसे एकत्र होतात आणि एकूण ऐकण्यातील वाट्यानुसार वाटले जातात. स्पॉटिफायने तर २०२४पासून असा नियम केला आहे की, वर्षभरात हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच नाही. एखाद्या गावच्या महिला मंडळाने भक्तीने ध्वनिमुद्रित केलेले स्तवन हजारांचा आकडा कोठून गाठणार?

आता जी गोष्ट सांगायची ती थोडी लाजिरवाणी आहे. निर्णय करण्यापूर्वी महिनाभरात कोणी काय ऐकले ते पाहू या, म्हणून मी ऐकलेल्या गाण्यांची यादी उघडली. माझी खात्री होती की नातवाचीच गाणी अधिक निघतील. त्याची होती थोडी. आईचे भक्तामर रोज एकदा, तिन्हीसांजेला एखादे भजन. सूनबाईंचे दुपारच्या कामाच्या वेळचे तासभर. उरलेले सारे माझे होते. नाट्यगीते, गझला, तरुणपणी ऐकलेली चित्रपटगीते, एकापाठोपाठ एक. एक संपले की यंत्र दुसरे पुढे करी आणि मी नको म्हणत नसे. रात्री दहापर्यंत, कधी अकरापर्यंत. चातुर्मासात रोज स्वाध्यायाला तासभर द्यायचा असे मी मंदिरात ठरवून आलो होतो. तो तास कोठे गेला याचा लेखी पुरावा माझ्यासमोर होता. नातवाला मूर्च्छेची व्याख्या ऐकवून मला आठ दिवसही झाले नव्हते.

एकोणतिसाव्या दिवशी सूनबाईंनी माझ्याजवळ बसून वर्गणी रद्द केली. ‘खरंच जाणार का?’, ‘हे सारे गमवाल’, अशा अर्थाच्या तीन पाट्या एकामागून एक आल्या. तिसऱ्या पाटीवरचे ‘राहू द्या’ हे बटण मोठे आणि रंगीत होते, ‘रद्द करा’ हे फिकट. सूनबाई हसल्या. ‘बाबा, बाजारात साडी दाखवणारेही इतका आग्रह करत नाहीत.’

आईच्या भक्तामराची सोय उरलीच होती. कपाटातल्या कॅसेट काढल्या. बऱ्याच बुरशीने गेलेल्या. एकीवर वडिलांच्या अक्षरात ‘दशलक्षण १९८६’ असे होते. त्या वर्षीच्या भाद्रपदात मंदिरात सकाळी सर्वांनी मिळून भक्तामर म्हटले होते आणि कोणीतरी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला होता. शेजारच्या विद्युत दुरुस्तीवाल्याने टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून दिला, एक तार जोडली, आणि ते ध्वनिमुद्रण फोनमध्ये उतरवले. आवाज खरखरीत आहे. मध्ये एकदा गाडीची शिट्टी ऐकू येते, एक मूल रडते. समूहात वडिलांचा आवाज निराळा ओळखू येतो, कारण ते प्रत्येक श्लोक किंचित आधी उचलत. दहा कोटींच्या त्या भांडारात हे नव्हते आणि असणारही नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईला ते लावून दिले. तिने काहीच विचारले नाही. आठव्या-नवव्या श्लोकापाशी म्हणाली, ‘घाईच असे त्याहिले नेहमी.’

पुढचे आठ दिवस घरात दुसरे गाणे नव्हते. मला पहिले तीन दिवस जड गेले, रात्रीचे विशेषतः. मग वडिलांची प्रत हाती येऊ लागली, रोज नाही तरी बहुतेक दिवशी. नवव्या दिवशी सूनबाईंनी स्वयंपाकघरातून येऊन सांगितले की, त्यांनी स्वतःच्या पैशांतून एका महिन्याची वर्गणी भरली आहे. ऑटोपे न जोडता, एकदाच. दुपारी भांडी-पोळ्यांच्या वेळी एकट्याने राबताना त्यांना ते गाणे लागते, हे त्यांनी कोणताही शास्त्राधार न देता सांगितले, आणि मला त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. महिना कोणत्या तारखेला संपतो ते त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवले आहे. त्या तारखेला पुन्हा विचार करू, असे म्हणाल्या. माझ्या फोनवर मात्र ते खाते उघडून द्यायचे नाही, हे मीच त्यांना सांगितले आहे, निदान कार्तिकापर्यंत.