‘मेलॅनोझायलॉन’ : एक विशेषण, दोन वृक्ष

खरादावर कातलेल्या लेखण्यांच्या व्यापारात ‘एबनी’ ही संज्ञा फार सैलपणे योजिली जाते. वस्तुतः एबनी म्हणजे डायोस्पायरॉस प्रजातीतील वृक्षांचे काळे मध्यकाष्ठ. आपली टेंभुर्णी, डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, हिची प्रजाती तीच. टांझानिया-मोझांबिककडील ‘आफ्रिकन ब्लॅकवुड’ मात्र डाल्बर्जिया मेलॅनोझायलॉन होय. तो शिसवीचा सगोत्र. दोन्ही नावांतील विशेषण ग्रीक ‘मेलास’ (काळा) व ‘झायलॉन’ (लाकूड) यांपासून सिद्ध झाले आहे. ते रंग सांगते, कूळ सांगत नाही.

रंग व वजन यांवरूनही निर्णय होत नाही. दोन्ही लाकडे काळी व जड. म्हणून झिलई चढविण्यापूर्वी तुकड्याचा पातळ काप घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. स्पर्शरेषीय छेदात डाल्बर्जियाचे किरण समपातळीच्या थरांत रचलेले दिसतात. एबनीत बहुधा तशी रचना आढळत नाही.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हे. 2017 पासून संपूर्ण डाल्बर्जिया प्रजाती ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे, टेंभुर्णी नाही. सबब, कच्चा तुकडा परदेशी धाडणाऱ्या कारागिरास परवाना लागेल की नाही, हे व्यापारी नावावरून नव्हे, तर काष्ठरचनेवरूनच ठरते.