जुना तंबोरा घेताना

पोखर्णीसारख्या गावात भजनासाठी जुना तंबोरा पाहताना आवाज बसका आला की ‘हा गेला’ म्हणून तो नाकारला जातो. बहुधा गेलेली असते ती फक्त जवारी (तारांखालच्या घोडीच्या माथ्याचा किंचित गोलावा). तार त्यावर हलकी घासते म्हणून झंकार उठतो. वर्षानुवर्षांच्या वादनाने तिथे चरे पडतात. जाते गुळगुळीत झाले तर टाकी लावतात, फेकत नाहीत. जवारीही कानसून पुन्हा काढता येते. तंबोऱ्याला सतारीसारखे पडदे नसतात, म्हणजे ती झीज तपासायला नको. भोपळ्याची चीर मात्र खरी चिंतेची. रंगरोगणाखाली ती सहज लपते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण नुसत्या नावावर जाऊ नये. खुंट्या स्वर धरतात का, हे अर्धा तास बसून ऐकावे.