विदर्भातील शिलावर्तुळांमधील अश्वावशेष

विदर्भातील महापाषाणयुगीन शिलावर्तुळांमध्ये मानवी अस्थींसोबत घोड्यांची हाडे व दात सापडले आहेत. प्राचीन दफनविधींतील प्राण्यांच्या स्थानाचा विचार करताना या अवशेषांचा आवर्जून उल्लेख होतो. ही दफने लोहयुगीन असून त्यांचा काळ स्थूलमानाने इ.स.पू. पहिले सहस्रक मानला जातो.

नागपूर परिसरात अशी शिलावर्तुळे मोठ्या संख्येने आहेत. मोठे दगड वर्तुळाकार मांडून आतील जागा माती व दगडगोट्यांनी भरलेली असते आणि त्याखाली अस्थी, मृद्भांडी, लोखंडी हत्यारे व मणी आढळतात. जुनापाणी येथे बा. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये उत्खनन केले. पुढे शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली टाकळघाट-खापा, माहुरझरी व नैकुंड येथे उत्खनने झाली.

माहुरझरीचे पुरावे विशेष बोलके आहेत. तेथे घोड्याच्या अवशेषांबरोबर लोखंडी लगाम आणि घोड्याच्या मुखावर बांधण्याचे तांब्याच्या पातळ पत्र्याचे अलंकार मिळाले. म्हणजे घोडा साज चढवलेल्या स्थितीत, किंवा निदान त्याच्या साजासह, मृताला दिला गेला. काही हाडांवर कापल्याच्या खुणा असल्याने अंत्यविधीच्या वेळी घोड्याचा बळी दिला जात असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. मात्र अशा खुणा मांस सोडवतानाही उमटतात. त्यामुळे केवळ त्यांवरून बळी, अंत्यविधीचे भोजन की दोन्ही, हे ठरत नाही. बळीच्या तर्काला खरा आधार मिळतो तो हाडे, लगाम व अलंकार एकाच दफनात आढळल्यामुळे. सर्वच वर्तुळांत घोडा नाही. त्यावरून हा मान विशिष्ट व्यक्तींनाच मिळत असावा, असे दिसते.

या प्रथेचा संबंध कधी कधी वैदिक अश्वमेधाशी जोडला जातो. तो जपून स्वीकारावा लागतो, कारण अश्वमेध हा जिवंत राजाने सार्वभौमत्वासाठी करावयाचा यज्ञ होता, अंत्यविधी नव्हे.

मृतासोबत प्राणी पुरण्याची चाल भारतात याहून जुनी आहे. काश्मीरमधील बुर्झहोम या नवाश्मयुगीन स्थळी माणसांसोबत कुत्रे पुरल्याचे आढळले असून काही प्राण्यांची स्वतंत्र दफनेही तेथे आहेत. मात्र तेथील प्राण्यांबरोबर माहुरझरीसारखा धातूचा साज नाही.