बर्फावर अंथरलेलं मैदान

बॉस्टन विद्यापीठाच्या अगॅनिस अरीनातला मुख्य खेळ आइस हॉकी. कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवरचं हे सभागृह २००५ मध्ये सुरू झालं आणि हॉकीला इथे सहा हजारांवर प्रेक्षक बसतात. पण एवढा खर्च करून बांधलेली जागा एकाच खेळासाठी राखून ठेवणं विद्यापीठाला सहसा परवडत नाही. त्यामुळे मैफली होतात, समारंभ होतात, बास्केटबॉलही होतं. १२ मार्च २०११ रोजी बॉस्टन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने इथेच स्टोनी ब्रूकला ५६-५४ असं हरवून अमेरिका ईस्ट ही कॉलेज संघांची स्पर्धा जिंकली.

अशा सभागृहांत हॉकीचा मोसम चालू असताना बास्केटबॉलसाठी बर्फ काढत नाहीत. बर्फ तसाच ठेवून त्यावर मैदान अंथरतात.

आधी खालचा बर्फ पाहू. रिंक, म्हणजे हॉकीचं बर्फाचं मैदान, साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते. तिच्या काँक्रीटच्या लादीत सुमारे दहा-दहा सेंटिमीटरवर पाइप पुरलेले असतात. सगळे जोडले तर लांबी पंधरा किलोमीटरच्या आसपास भरते. त्यांतून मिठाचं किंवा ग्लायकॉलचं पाणी शून्याच्या बरंच खाली थंड करून फिरवतात. या पाण्यातली उष्णता कंप्रेसरचं यंत्र बाहेर काढून टाकतं. लादीखाली उष्णतारोधक थर असतो आणि त्याच्याही खाली चक्क ऊब देणारी व्यवस्था. ती नसेल तर गारठा जमिनीत उतरतो, मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि लादीच वर उचलली जाते.

बर्फाची जाडी मात्र तीनेक सेंटिमीटरच. पाणी एकदम ओतत नाहीत, पातळ फवारे मारून थरावर थर गोठवतात. बर्फाला स्वतःचा पांढरा रंग नसतो, खालचं राखाडी काँक्रीट दिसतं. म्हणून मध्येच पांढरा रंग फवारतात, त्यावर लाल-निळ्या रेघा काढतात आणि वरून पुन्हा पाणी. खेळानंतर झांबोनी यंत्र फिरतं. कॅलिफोर्नियात फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये ते बनवलं. त्याचं पातं वरचा खरवडलेला थर तासून घेतं आणि मागे गरम पाण्याचा पातळ हात फिरतो. गरम का, तर ते जुन्या बर्फाचा पृष्ठभाग किंचित वितळवून त्यात नीट मुरतं आणि त्यात विरघळलेली हवाही कमी असते.

बास्केटबॉलच्या आदल्या रात्री कामगारांची फळी उतरते. आधी बर्फावर उष्णतारोधक आच्छादनाचे तुकडे बसतात, मग मेपलच्या लाकडाचे. एकेक तुकडा साधारण चार फूट बाय आठ फुटांचा, दोघांनी मिळून उचलावा असा. शेजारच्याशी कडीने अडकवायचा. क्रम चुकला तर रेघा जुळत नाहीत, म्हणून तुकड्यांना क्रमांक दिलेले असतात. मैदान झालं की चेंडूचा कस बघायचा. अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सहा फुटांवरून सोडलेला चेंडू ४९ ते ५४ इंच उसळला पाहिजे. फळी कुठे पोकळ बसली असेल तर ड्रिबल करणाऱ्याच्या हाताला ते लगेच कळतं. खेळाडू त्याला ‘मेलेली जागा’ म्हणतात.

थंडी सांभाळणं यंत्रांच्या हातचं आहे, खरी डोकेदुखी दमट हवेची. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच तो थंड लाकडालाही फुटू शकतो. आणि लाकडावर पाणी सुटलं की पळणाऱ्या खेळाडूचा गुडघा गेलाच. बसलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला अंदाजे ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. सहा हजार माणसं दोन तास बसली, तर हा आकडा पाचशे लिटरच्या घरात जातो. शिवाय बॉस्टनचा हिवाळा म्हणजे प्रत्येकाच्या बुटांवर बर्फ आणि ओले कोट. म्हणून आच्छादन घट्ट लागतं आणि हवा कोरडी करणारी यंत्रं प्रेक्षक येण्याच्या आधीपासून चालवावी लागतात. दमट हवेपुढे युद्धनौकांचंही चालत नाही. ९ नोव्हेंबर २०१२ ला चार्ल्सटन बंदरात ‘यॉर्कटाउन’ या जुन्या युद्धनौकेच्या डेकवर ओहायो स्टेट आणि मार्केट या विद्यापीठांचा पुरुषांचा बास्केटबॉल सामना ठरला होता. मैदानावर दव साचलं आणि तो रद्द झाला. त्याच रात्री जॅक्सनव्हिलमध्ये ‘बतान’ या नौकेवरचा सामना मध्यंतरालाच थांबवावा लागला.

अगॅनिसला लागूनच विद्यापीठाचं फिटनेस आणि मनोरंजन केंद्र आहे. तिथे तलाव, चढाईची भिंत, धावपट्टी असं सगळं आहे. इथे दमटपणाचा हिशेब उलटा लागतो, कारण तलावाचं पाणीच सतत वाफ सोडत असतं. अशा बंदिस्त तलावांची हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंशांनी गरम ठेवतात, म्हणजे बाष्पीभवन कमी होतं. शिवाय तलावाच्या दालनात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी राखतात. दार उघडलं की वारा आत जातो, आणि क्लोरीनच्या वासाची ओली हवा शेजारच्या व्यायामशाळेत किंवा तिथल्या लाकडी कोर्टांकडे शिरत नाही.